कोंगाचा डावा हात

कोंगा या हातांनी वाजवायच्या क्युबन ढोलाचे वादन ऐकताना कानात राहतो तो उजव्या हाताचा कडाडणारा स्लॅप, आणि पाहताना डोळ्यांत भरतो तोही उजवाच हात, कारण तो उठतो, पडतो आणि आपले काम सगळ्यांना दाखवतो. डावा हात मात्र पानावरून, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या कातड्यावरून, फारसा उठतच नाही. तळवा आणि बोटे आलटूनपालटून टेकवत तो तिथेच झुलत राहतो. त्याचा आवाज शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येतो, आणि तरीही सगळी लय त्याच्यावरच उभी असते. मी गेली काही वर्षे हे वाद्य शिकते आहे. लहानपणी तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे मात्रा मोजणे आणि हात चालवणे माझ्यासाठी नवे नव्हते, पण कोंगाला लागणारे हात निराळे आहेत आणि ते मुळापासून घडवावे लागतात. या वाद्याच्या मूलभूत आघातांविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या फारसे वाचनात आलेले नाही. शिकण्याची इच्छा असलेले लोक मात्र पुष्कळ भेटतात, म्हणून हा लेख.

मुंबई-पुण्याच्या ऑर्केस्ट्रांमध्ये आणि हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणांत हे वाद्य अनेक दशकांपासून वाजते आहे, आणि आपले वादक त्याला तुंबा किंवा कोंगो म्हणतात. त्याचे घर मात्र क्युबात आहे. कांगो खोऱ्यातून गुलाम करून नेलेल्या बांटूभाषक लोकांनी तिथे आपले युका आणि माकुता हे ढोल पुन्हा घडवले आणि त्यांच्यातूनच, लाकडी फळ्या जोडून केलेल्या पिंपाच्या आकाराचा, खालून उघडा असलेला हा ढोल आला. हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत, गोदीवर राबणाऱ्या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत रुंबा वाढला. जिथे ढोल वाजवायला मज्जाव होता तिथे लोक लाकडी खोक्यांवर वाजवत. रुंबामध्ये तीन ढोल असतात: खालच्या सुराचा तुंबा, ज्याला सालिदोर असेही म्हणतात, मधला त्रेस दोस आणि उंच सुराचा किंतो. खालचे दोन ढोल ठेका धरतात आणि किंतो नर्तकाच्या पावलांना उत्तर देतो. लावणीच्या फडात ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे ज्या नजरेने पाहत असतो, ती नजर आठवली की किंतोवादकाचे काम समजते.

१९४०च्या सुमारास आर्सेनियो रोद्रिगेस या अंध वादकाने आपल्या वाद्यवृंदात कोंगाला जागा दिली आणि रस्त्यावरचे हे वाद्य नृत्यगृहांत पोहोचले. क्युबन कोंगावादक चानो पोसो २९ सप्टेंबर १९४७ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिझी गिलेस्पी यांच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर वाजवायला बसला आणि अमेरिकन श्रोत्यांना या ढोलाची ताकद कळली. पुढच्याच वर्षी २ डिसेंबरला हार्लेममध्ये गोळी लागून तो गेला, तेव्हा तो अवघा तेहेतीस वर्षांचा होता. आज एकाच वादकापुढे दोन-तीन ढोल मांडलेले दिसतात, पण ही मांडणी नंतरची आहे आणि ती रूढ होण्यात क्युबन वादक कांदिदो कामेरो यांचा वाटा मोठा आहे. त्याआधी एक माणूस आणि एक ढोल असाच रिवाज होता. माझ्या मते शिकणाऱ्यानेही तो पाळावा आणि पहिला बराच काळ दुसरा ढोल घेऊच नये.

बैठकीबद्दल थोडक्यात सांगते. खुर्ची हातांशिवायची असावी आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील इतपत उंच असावी. ढोल दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून समोरच्या बाजूला किंचित कलता ठेवावा, म्हणजे त्याचे खालचे तोंड जमिनीवरून उचलले जाते. हे तोंड फरशीवर सपाट टेकलेले असले की बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, आतच कोंडतो. खांदे सैल आणि खाली असावेत, कोपरे अंगाला चिकटवू नयेत.

आता आघात. पहिला आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड आघात म्हणजे ओपन. शिकवण्या बहुधा स्लॅपला अवघड म्हणतात, पण स्लॅप न जमल्याचे लगेच कळते आणि ओपन न जमल्याचे कित्येक महिने कळत नाही, म्हणून तोच जास्त काळजीने शिकावा लागतो. तळव्याला जिथे बोटे जोडलेली असतात तिथे आतल्या बाजूने लहान मांसल उंचवटे असतात. ते नेमके ढोलाच्या काठावर यायला हवेत. चारही बोटे एकमेकांना लागून, सरळ पण ताठ न करता, एकाच क्षणी पानावर पडतात आणि पान त्यांना परत वर टाकते. हे परत टाकणे पानाचे काम आहे, आपण फक्त त्याच्या आड यायचे नाही. अंगठ्याला इथे काहीच काम नसते. तो बाजूला आणि किंचित वर राहिला नाही तर काठावरच्या लोखंडी कड्यावर आपटतो आणि दोन दिवस दुखतो. बोटांमध्ये फट राहिली, किंवा करंगळी इतर बोटांच्या मागून पडली, की आवाजाला एक बारीक फुटकी कड येते. ढोल ज्या सुरात लावलेला असतो तो सूर ओपनमध्येच ऐकू येतो, म्हणून ढोल लावतानाही हाच आघात वाजवून पाहायचा असतो. दोन्ही हातांनी आळीपाळीने सावकाश ओपन वाजवत राहावे आणि डोळे मिटून ऐकावे. कोणता हात पडला हे आवाजावरून ओळखता येत असेल तर काम अजून बाकी आहे. बहुतेकांचा डावा हात अर्ध्या सुराने चढा वाटतो, कारण तो काठाच्या फार जवळ, भीतभीत पडतो.

बेस हा त्या मानाने सोपा. पंजा पूर्णपणे पानाच्या मध्यावर, हाताच्या स्वतःच्या वजनाने टाकायचा आणि लगेच मोकळा करायचा. मध्यावर आघात झाला की सगळे पान एकदम खाली-वर होते आणि आतली हवा खालच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. आपल्याला जो खर्ज ऐकू येतो त्यात पानाइतकाच त्या पोकळीतल्या हवेचा भाग असतो. सगळे ठेके मध्यम गतीत असताना बेस फार जोरात वाजवण्याचा मोह होतो, पण तो हाताच्या वजनापलीकडे जाऊ देऊ नये.

स्लॅपमध्ये हात ओपनच्या जागेपासून किंचित आत सरकतो, पण खरा बदल हाताच्या आकारात असतो. पंजा थोडा खोलगट होतो, बोटे अगदी सैल राहतात आणि पानावर सपाट बोटांऐवजी बोटांची टोके पडतात. टोके पडून तिथेच थांबली तर बंद स्लॅप, आणि उडून वर आली तर खुला स्लॅप. बंद स्लॅप वाजवताना दुसरा हात पानावर टेकलेला असला तर आवाज आणखी कोरडा आणि धारदार निघतो. हा आघात जोरावर अवलंबून नाही, हे सांगूनही कोणाला पटत नाही. माझ्या शिक्षकांनी ते मला असे दाखवले: त्यांनी मनगट पानापासून जेमतेम चार बोटे वर उचलले आणि इतका तीक्ष्ण स्लॅप वाजवला, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेल्या झांजा किणकिणल्या. त्यांचा दंड आणि खांदा त्या वेळी इतके सैल होते, की मी कोपराखाली हात धरला तेव्हा सगळे वजन माझ्या तळव्यात आले. ताठ हात पानाला दाबून धरतो आणि आवाज मारून टाकतो, सैल हात पडतो आणि पानाला बोलू देतो.

ओपन आणि स्लॅप यांच्या आवाजांत इतका फरक का पडतो, याचे उत्तर तबला जाणणाऱ्याला विशेष रस वाटेल असे आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने दाखवून दिले, की तबला आणि मृदंग यांच्या पानावरील शाईमुळे त्यांचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, मूळ सुराच्या पटीत जुळून येतात, आणि म्हणूनच ही वाद्ये गाण्याबरोबर सुरात बोलतात. कोंगाच्या पानावर शाई नसते. त्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. ओपनमध्ये सपाट बोटांचा रुंद आघात वरच्या कंपनांना वाव देत नाही, त्यामुळे खालचा एक सूर ठळक उरतो. स्लॅपमध्ये टोकांचा आखूड, नेमका आघात त्या न जुळणाऱ्या वरच्या कंपनांनाच मोकळे सोडतो, म्हणून तो बिनसुराचा आणि लख्ख वाटतो. तबल्यात आपण चाट, लव आणि शाई अशा वेगवेगळ्या जागांवरून बोल काढतो. कोंगावर जवळजवळ एकाच जागेवरून, केवळ पंजाचा आकार बदलून, सूर आणि कोरडेपणा असे दोन टोकांचे आवाज काढावे लागतात. तबल्यावरून येणाऱ्याची बोटे सुटी सुटी काम करण्याला सरावलेली असतात. इथे चार बोटांचे मिळून एक अंग करायचे असते आणि ती सवय लागायला वेळ जातो.

याशिवाय एक दबका ओपन असतो. ओपनसारखेच पडून बोटे पानावरच राहू द्यायची, की सूर उमटतो आणि लगेच मिटतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण संभाषणात स्वल्पविरामाची जी जागा असते ती त्याला वादनात आहे आणि अनुभवी वादक तो फार वापरतात.

आता डाव्या हाताकडे येते. स्पॅनिशमध्ये या हालचालीला मानोतेओ म्हणतात. तळव्याचा मनगटाकडील भाग पानावर टेकतो, मग तो सुटत असतानाच बोटांची टोके टेकतात, मग पुन्हा तळवा. हात झोपाळ्यासारखा मागेपुढे होत राहतो आणि पानापासून कधीच पूर्ण अलग होत नाही. तबल्याच्या डग्ग्यावर आपला मनगटाकडील भाग पानावर कायम टेकलेला असतो आणि बोटे ‘गे’ काढतात. तिथे मनगटाचा दाब सूर घुमवतो. इथे मनगटाकडचा भाग स्वतःच एक आघात आहे आणि त्याला दर वेळी उठून पुन्हा पडावे लागते, त्यामुळे डग्ग्याची सवय सुरुवातीला मदतीपेक्षा अडथळाच करते. एका संध्याकाळी शिक्षकांनी मला उजवा हात पाठीमागे ठेवायला सांगितला आणि पूर्ण तास फक्त डाव्या हाताने तळवा-बोटे, तळवा-बोटे चालवायला लावले. ते स्वतः समोर बसून हलक्या आवाजात गात होते आणि गाण्याची गती मध्येच किंचित वाढवत किंवा कमी करत होते. माझ्या हाताने ती गती पकडली की ते मान डोलवत. त्या तासात माझ्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या. तळवा आणि बोटे यांचा आवाज वेगळा असला तरी त्यांचे वजन सारखे हवे, आणि हात दमतो तो हालचालीने नव्हे, तर मनगट घट्ट धरल्याने.

या झुलत्या हातावर मार्चा किंवा तुंबाओ हा मूळ ठेका बसतो. चार मात्रांचे आठ अर्धे भाग केले, तर डावा हात तळव्याने पहिला आणि बोटांनी दुसरा भाग वाजवतो, तिसऱ्या भागावर, म्हणजे दुसऱ्या मात्रेवर, उजव्याचा स्लॅप येतो, चौथ्यावर पुन्हा डाव्याची बोटे. पाचव्यावर डाव्याचा तळवा, सहाव्यावर बोटे, आणि सातव्या-आठव्यावर उजव्या हाताचे दोन ओपन. तोंडाने म्हणायचे झाले तर: तळवा-बोटे-स्लॅप-बोटे, तळवा-बोटे-ओपन-ओपन. आठपैकी पाच आघात डाव्याचे आहेत आणि ऐकणाऱ्याला आठवतात ते तीन उजव्याचे. डाव्याचे पाच आघात आपापल्या जागी नेमके पडले नाहीत, तर उजव्याचा प्रत्येक आघात घाईचा किंवा मागे ओढलेला वाटतो, आणि शिकणारा मग चुकीच्या हाताची दुरुस्ती करत बसतो.

आपल्या संगीतावर वाढलेल्या कानाला इथे आणखी एक अडचण येते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधतो. ठेक्यात जिथे वजन असते तिथे समेची चाहूल असते, असे आपल्या कानाने गृहीत धरलेले असते. तुंबाओमध्ये सगळ्यांत खुले, सुरेल आघात चौथ्या मात्रेवर आणि तिच्या दुसऱ्या अर्ध्यावर येतात, तर पहिल्या मात्रेवर डाव्या तळव्याचा तो दबका, जवळजवळ न ऐकू येणारा स्पर्श असतो. कान त्या दोन ओपनना सम समजून बसतो आणि मग संपूर्ण वाद्यवृंद उलटा ऐकू येतो. यावर उपाय एकच. पायाने मात्रा धरायची, पहिली मात्रा तोंडाने स्पष्ट म्हणायची आणि दोन ओपन हे समेवर नसून समेकडे नेणारे आहेत, असे शरीराला सांगत राहायचे. आपल्याकडे तिहाईचा शेवटचा तुकडा समेकडे झेपावतो तेव्हा जो ओढा जाणवतो, तो इथे दर आवर्तनात असतो.

या ठेक्याच्या वर क्लावे असते. दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारे पाच आघात. सोळा भागांच्या आवर्तनात सोन क्लावे पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या भागावर पडते. रुंबा क्लावेमध्ये तिसरा आघात सातव्याऐवजी आठव्यावर सरकतो, आणि एवढ्याशा सरकण्याने सगळ्या गाण्याची चाल बदलते. तीन आघातांची बाजू आणि दोन आघातांची बाजू यांपैकी गाणे कुठल्या बाजूने सुरू झाले, यावर बाकी सगळ्यांचे वादन बेतलेले असते. तीनताल येणाऱ्याने टाळी-खाली धरून सोळा मात्रा मोजाव्यात आणि वर सांगितलेल्या पाच जागांवर चुटकी वाजवावी, म्हणजे अर्ध्या तासात क्लावे हातात येते. मग टाळी-खाली सोडून देऊन केवळ क्लावे ऐकत मोजायला शिकावे, कारण तिच्यात भरी-खालीची व्यवस्था नाही आणि ती तिच्यावर लादता कामा नये.

आता रुडिमेंट्स. हा शब्द ड्रमवाल्यांकडून आला आहे. पलटनीतल्या ढोलवादकांनी काठ्यांनी वाजवायचे जे मूळ आकृतिबंध ठरवले, त्यांची अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रुडिमेंटल ड्रमर्सच्या संघटनेने यादी केली. पुढे १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने ती ४० पर्यंत वाढवली. एकेरी आघात म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा. दुहेरी म्हणजे उजवा-उजवा-डावा-डावा. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आपल्या तबल्यातल्या ‘कायदा’ या बोलरचनेत हात ठरलेले असतात तसेच हे आहे, फरक इतकाच, की इथे बोल नसून केवळ हातांची क्रमवारी दिलेली असते आणि तिच्यात कोणता आवाज भरायचा ते वादकाने ठरवायचे असते.

काठीचा आकृतिबंध जसाच्या तसा हातावर येत नाही. काठी पानावरून उसळते आणि दुहेरीतला दुसरा आघात त्या उसळीतून जवळजवळ फुकट मिळतो. हाताला ती उसळी नाही. हाताने दुहेरी वाजवायची तर दुसरा आघात पुन्हा उचलून मारावा लागतो, आणि गती वाढली की हात तिथेच अडतो. याचे उत्तर डाव्या हाताच्या त्या झुलण्यातच होते. क्युबातील चांगीतो, म्हणजे होसे लुईस किंताना, यांनी मानोतेओच्या हालचालीतून एकाच हाताचे जलद आघात काढण्याची रीत विकसित केली आणि तिला ते गुप्त हात म्हणत. पोर्तो रिकोच्या ज्योवानी इदाल्गो यांनी क्युबाला जाऊन त्यांच्याकडून ती घेतली आणि काठ्यांच्या सगळ्या रुडिमेंट्सना कोंगावर अशा स्वच्छतेने उतरवले, की आज जगभरचे विद्यार्थी त्यांच्याच मार्गाने सराव करतात. तळवा पडताना एक आणि बोटे पडताना दुसरा असे एका झोक्यात दोन आघात मिळाले, की दुहेरी हाताला परवडू लागते.

तरीही माझे ठाम मत असे आहे, की रुडिमेंट्सचा सराव ओपन आणि स्लॅप स्वच्छ झाल्यावरच सुरू करावा. गतीने खराब आवाज झाकला जातो आणि झाकलेला आवाज पुढे सुधारत नाही. मी ज्या क्रमाने करते आणि ज्याचा मला उपयोग झाला तो क्रम असा आहे. मिनिटाला साठच्या लयीत प्रथम एकेरी, सगळे ओपन. दोन्ही हात सारखे झाल्यावर सगळे स्लॅप. मग एका हाताचा ओपन आणि दुसऱ्याचा स्लॅप. शेवटी सगळ्यांत कठीण, एकाच हाताने एक ओपन, एक स्लॅप, पुन्हा ओपन, पुन्हा स्लॅप. या शेवटच्या सरावात पंजाचा आकार दर आघाताला बदलावा लागतो आणि दोन आवाज एकमेकांत मिसळायला बघतात. ते वेगळे राहिले पाहिजेत, मग लय कितीही सावकाश ठेवावी लागो. त्यानंतर पॅराडिडल. प्रथम तो सगळ्या ओपननी सपाट वाजवावा, मग प्रत्येक चौकडीचा फक्त पहिला आघात स्लॅप आणि बाकी तीन हलकी बोटे असा वाजवावा. हलक्या बोटांत मिसळून तो स्लॅप उठून दिसतो आणि आपण पाठ केलेल्या हातांच्या क्रमातून एकदम एक ठेका उभा राहतो. मला या वाद्यातला सर्वांत मोठा आनंद याच जागी मिळतो.

हातांची काळजी घेण्याविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण नव्या शिकणाऱ्यांत उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होते. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. सुरुवातीला बोटांची मुळे लाल होणे आणि थोडी सूज येणे स्वाभाविक आहे, पण सांध्यात कळ येऊ लागली तर त्या दिवशी थांबावे. फार वेळ आणि फार जोरात वाजवणाऱ्यांच्या लघवीला लालसर-तपकिरी रंग आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत; पंज्यावर सतत बसणाऱ्या आघातांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. असे काही दिसले तर वादन बंद करून डॉक्टरांकडे जावे. रोज थोडे, सैल हाताने आणि विश्रांती घेत वाजवणाऱ्याला सहसा ही वेळ येत नाही.

ढोल लावण्याची पद्धतही हातांशी जोडलेली आहे. पूर्वी कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि वाजवण्यापूर्वी ते विस्तवावर शेकून चढवत; पुढे लोखंडी कडी आणि पाना फिरवून ताणता येणारे हूक आले आणि त्यानंतरच पातातो वाल्देस यांच्यासारख्या वादकाला ढोलांवर सुरेल वाक्ये वाजवणे शक्य झाले. हूक समोरासमोरच्या क्रमाने, एकेकाला थोडा थोडा ताण देत फिरवावेत, म्हणजे कडे एका बाजूला झुकत नाही. आपल्या पावसाळ्यात कातडे दमट होऊन सैल पडते आणि ओपन बसका होतो. अशा वेळी चुकीच्या आवाजाबद्दल हाताला दोष देण्याआधी ढोल तपासावा. उन्हाळ्यात उलट होते, म्हणून वाजवून झाल्यावर ताण थोडा उतरवून ठेवावा. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी कृत्रिम पाने मिळतात आणि ती हवेने बदलत नाहीत, पण कातड्याच्या ओपनमध्ये जी गोलाई असते ती मला त्यांत अजून सापडलेली नाही.

मार्चा हातात बसला आणि डावा हात विचार न करता झुलू लागला, की लोक सहसा दुसरा ढोल विकत घेतात. मी त्याऐवजी दुसरा माणूस शोधला. ग्वाग्वांको या रुंबा प्रकारात तुंबा आणि त्रेस दोस यांचे ओपन एकमेकांच्या मोकळ्या जागांत पडतात आणि दोघांचे मिळून एक सुरेल वाक्य तयार होते, जे दोघांपैकी कोणाच्याच हातात पूर्ण नसते. १९५२ मध्ये मातान्सासमध्ये स्थापन झालेल्या लोस मुन्येकितोस या रुंबा-समूहाची ध्वनिमुद्रणे ऐकताना हे वाक्य आधी ओळखायला शिकावे आणि मग त्यातला फक्त एकच भाग वाजवावा. आमच्या दोघांपैकी मी तुंबा वाजवते आणि माझा सोबती त्रेस दोस. तुंबाचा ओपन षड्ज धरला तर त्याचा ढोल आम्ही मध्यमावर लावतो. सध्या आमचे सगळे लक्ष त्याच्या ओपनच्या आधी माझ्या डाव्या हाताची बोटे नेमकी कधी टेकतात, यावर आहे. ती किंचितही लवकर टेकली, तर त्याच्या आघाताची जागा बुजते आणि तो थांबून माझ्याकडे पाहतो. मग आम्ही लय आणखी उतरवतो आणि तेच आवर्तन पुन्हा घेतो.